घर आणि अंगणाची दुरुस्ती स्वतः करताना: सातारा-सांगलीकडचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडच्या घरांची बहुतेक दुखणी पाण्याची असतात. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडे पाऊस भिंतीला आडवा झोडपतो. कृष्णाकाठी मिरज, पलूस, वाळव्यात काळी जमीन ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. माण-खटाव, जत-आटपाडीकडे पाऊस कमी, पण जुन्या माळवदांना, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या मातीच्या सपाट छतांना, तेवढाही पुरतो. म्हणून रंगाचा डबा आणण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. खालच्या बहुतेक उत्तरांची सुरुवात तिथूनच होते.

गळतीचं काम कोणत्या महिन्यात काढावं?

मार्च ते मे. स्लॅब आतपर्यंत सुकलेला असतो आणि वॉटरप्रूफिंगचं केमिकल धरतं. मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला की लगेच छताखाली जाऊन बघा आणि ओल दिसेल तिथे पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहा. याच्याइतकी चांगली चाचणी दुसरी नाही. मृग लागायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याआधी, शेवटचा हात देऊन किमान तीन कोरडे दिवस मिळायला हवेत. भर पावसात गळती लागली तर ताडपत्री टाकून वेळ काढा. ओल्या स्लॅबवर काहीही टिकत नाही.

स्लॅब गळतोय. वरून वॉटरप्रूफिंग केमिकलचे दोन हात मारले की झालं ना?

भेग, उतार आणि कोपरे सुधारले नसतील तर ते एक-दोन पावसाळ्यांतच उलतं.

पहिली गोष्ट, छताला डाग जिथे आहे तिथेच वर भेग असेल असं समजू नका. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असेल तर पाणी कोब्याखालून वाहत जाऊन भलत्याच खोलीत उतरतं. संशयाच्या जागा ठरलेल्या आहेत: कठडा आणि गच्ची मिळते तो कोपरा, पावसाच्या पाइपचं तोंड, टाकीच्या ओट्याचा पाया, आणि डिश किंवा सोलरच्या स्टँडचे बोल्ट. खात्री करायची तर पाइपचं तोंड गोणपाटाने घट्ट बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी ४८ तास साठवा आणि खालून बघत राहा. दोन इंच पाण्याचं वजन चौरस मीटरला सुमारे ५० किलो होतं. धडधाकट स्लॅबला ते जड नाही. मात्र खालून सळ्या दिसत असतील तर ही चाचणी करूच नका.

मग कामाला लागा. तारेच्या ब्रशने शेवाळ आणि सुटलेला थर काढा, धुवा, दोन कडक उन्हाचे दिवस सुकू द्या. प्रत्येक भेग छिन्नीने सहा-आठ मिलिमीटर रुंद आणि तेवढीच खोल उघडा, धूळ ब्रशने झाडा आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने किंवा तयार क्रॅक फिलरने भरा. न उघडता वरून पुसलेला फिलर केसासारखा बसतो आणि पहिल्या उन्हाळ्यात सुटतो. कठड्याच्या कोपऱ्यात १:३ (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) मसाल्याचा दोन इंचांचा वाटा, म्हणजे गोलाई, मारा. काटकोनी कोपऱ्यात थर ताणला जाऊन फाटतो, गोलाईवर फाटत नाही. सिमेंटच्या या कामाला तीन-चार दिवस पाणी मारा आणि परत सुकू द्या.

पहिला हात पातळ, डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घालून. दुसरा हात दाट. तो ओला असतानाच भेगांवर आणि कोपऱ्यांवर सहा इंच रुंद फायबर जाळीची पट्टी दाबून बसवा. तिसरा हात दुसऱ्याच्या आडव्या दिशेने मारा. कठड्यावर एक फूट वर चढवायला विसरू नका, कारण पाणी बहुतेक वेळा तिथूनच शिरतं. डब्यावरचा खप गुळगुळीत पृष्ठभागाचा असतो. जुन्या खरबरीत कोब्यावर त्याच्या दीडपट माल धरा.

काम फसतं ते चार कारणांनी. स्लॅब ओला असतो, मग फोड येतात. दुपारी बाराच्या उन्हात मारलं तर वरची साय वाळते आणि आत कच्चं राहतं, म्हणून सकाळी दहाच्या आत किंवा ऊन उतरल्यावर मारा. माल पुरावा म्हणून पाणी जास्त घातलं जातं. आणि उतारच नसतो. आठ फुटांना एक इंच उतार हवाच. पाणी आठवडाभर साचून राहिलं तर चांगला थरही मऊ पडून सुटतो. उतार नसेल तर आधी कोबा नीट करून घ्या, केमिकलचे पैसे नंतर घाला.

स्लॅबच्या खालच्या बाजूने गिलाव्याचे पोपडे पडून गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या असतील तर हे काम घरी करायचं नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. आणि खालून छताला पुट्टी-रंग मारल्याने गळती थांबत नाही. पाणी स्लॅबमध्येच अडतं आणि सळ्या आणखी गंजतात.

मंगळुरी कौलांचं छप्पर एक-दोन ठिकाणी गळतं. स्वतः बदलता येईल?

येईल, पण कौलावर पाय द्यायचा नाही. वाशांच्या रेषेत आडवी फळी टाकून तिच्यावर वजन द्या, कमरेला दोर बांधा आणि खाली एक माणूस उभा ठेवा. वरच्या ओळीतली कौलं लाकडी पाचर घालून इंचभर उचला, फुटकं कौल खालच्या बाजूला ओढून काढा, नवं वर सरकवून त्याची टाच रिपेवर अडकवा. नवं कौल जुन्याच कारखान्याच्या मापाचं हवं. दोन मिलिमीटरचा फरकही खाचेत बसत नाही, म्हणून जुनं कौल हातात घेऊनच बाजारात जा. बऱ्याचदा कौल फुटलेलंच नसतं, खाचेत पानं आणि माती साठून पाणी मागे फिरतं. पाटण-जावळीकडे वाऱ्याच्या बाजूची खालची ओळ आणि आढ्याची कौलं दरवर्षी बघा. आढ्याचा सांधा चुना-वाळूने भरा. नुसत्या सिमेंटचा सांधा उन्हात तडकतो.

जुन्या माळवदावर सिमेंटचा कोबा टाकला तर कायमची कटकट मिटेल का?

नका टाकू. दोन इंच कोब्याचं वजन शंभर चौरस फुटांना एक टनाच्या पुढे जातं, तेही आधीच्या मातीच्या वजनावर. शिवाय खालची ओल कोंडून तुळया आणि त्यांच्यावरच्या लाकडी किलच्या कुजतात, आणि ते वरून दिसत नाही. पावसाआधी उंदराची बिळं ठोकून भरा, पांढऱ्या मातीचा नवा थर देऊन उतार पन्हळीकडे करा, पन्हळ भिंतीपासून दीड-दोन फूट बाहेर काढा.

भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत रंग फुगतो, पांढरी पूड येते. दरवर्षी रंगवतो, दरवर्षी हेच.

हा लोणा. जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढतं, क्षार बरोबर आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार गिलाव्यात स्फटिक होऊन त्याला आतून फोडतात.

आधी ओल कुठली ते ठरवा. दीड फूट चौरस प्लास्टिक भिंतीवर चारी बाजूंनी टेपने सीलबंद चिकटवा आणि एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतली आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर खोलीत हवा खेळत नाही, खिडकी आणि एक्झॉस्ट हाच उपाय. भिंतीपलीकडे न्हाणीघर असेल तर तिथले नळ आठ दिवस बंद ठेवून फरक पडतो का तेही पाहा.

ओल जमिनीतली निघाली तर घराबाहेर जा. पेव्हर, माती, फुलझाडांचा वाफा यांनी बाहेरची जमीन जोत्याच्या वर आलेली असते. ती खणून जोत्याखाली किमान सहा इंच उतरवा. भिंतीलगत दोन-तीन फूट रुंद काँक्रीटचा पट्टा करा, उतार घराबाहेर. कित्येक घरांत एवढ्यानेच निम्मं काम होतं.

मग आत, ओलीची रेघ जिथे संपते त्याच्या एक फूट वरपर्यंत गिलावा विटेपर्यंत काढा. विटांचे सांधे अर्धा इंच खोल खरवडा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत भिंतीत जातात. भिंत उघडीच महिनाभर वाळू द्या, मग १:४ गिलावा करा. त्यात एका ५० किलोच्या पोत्याला साधारण २०० मिलि वॉटरप्रूफ द्रव, डब्यावरचं प्रमाण पाहून. सात दिवस पाणी मारा. पुट्टी आणि रंग पूर्ण वाळल्यावरच, म्हणजे महिन्याच्या पुढे.

मातीच्या किंवा दगड-मातीच्या जुन्या भिंतीला सिमेंट लावू नका, तिथे चुन्याचाच गिलावा. ओल झाकायला खाली टाइल्स लावल्या तर ती टाइलच्या वर चढून दिसते.

पुराचं पाणी घरात येऊन गेलं. कुठून सुरुवात करायची?

सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ पाहिलेल्यांना पहिला धडा माहीत आहे: आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी इशारा पातळीकडे, म्हणजे ४० फुटांकडे, चालली की खालचं सामान वर न्यायचं. ४५ फूट ही धोका पातळी आहे, तोवर वाट पाहायची नाही.

पाणी ओसरल्यावर आत जाताना मेन स्विच बंद असल्याची खात्री करा. पाण्यात उभं राहून त्याला हात लावू नका. मीटर बुडाला असेल तर महावितरणला कळवा. बुडालेले एमसीबी (जास्त वीज वाहिली की आपोआप पडणारे स्विच), साधे स्विच आणि सॉकेट सुकवून वापरायचे नाहीत, बदलायचे. आत बसलेला गाळ तांब्यावर गंज धरतो आणि महिन्यांनी आग लावतो.

गाळ ओला आहे तोवरच काढा. वाळला की फरशीच्या सांध्यांत सिमेंटसारखा बसतो. मग भिंती वरून खाली धुवा. फर्निचर भिंतीपासून दूर ओढा, सगळी दारं-खिडक्या उघडा, पंख्यांना वीज मिळाली की ते चालू ठेवा. फुगलेलं प्लाय आणि पार्टिकल बोर्ड टाकून द्या. सागवानाचं सामान सावलीत वाळवा, उन्हात ते पिळवटतं.

रंगाची घाई करू नका. ऑगस्टमध्ये भिजलेली नऊ इंची भिंत दिवाळीला वरून कोरडी वाटते, आतून नसते. वरच्या प्रश्नातली प्लास्टिकची चाचणी करा. थेंब येत असतील तर यंदाची दिवाळी चुन्याच्या हातावर काढा. चुना श्वास घेऊ देतो आणि बुरशीही रोखतो. ऑइल पेंट आणि पुट्टी उन्हाळ्यात.

हजार लिटरच्या टाकीत गाळाचं पाणी गेलं असेल तर घासून धुवा, पूर्ण भरा, ३३ टक्के क्लोरीनची १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून निवळ पाणी टाकीत ओता. घरातले नळ वास येईपर्यंत सोडून बंद करा, रात्रभर ठेवा, सकाळी सगळं पाणी काढून दोनदा भरून सोडा. हे पाणी प्यायचं नाही, झाडांनाही घालायचं नाही. पावडर ताजी हवी, उघडी पडून ढेकळं झालेली काही कामाची नाही. जमिनीखालच्या टाकीत मात्र एकट्याने उतरू नका. बंद टाकीत हवा विषारी होते आणि एकाला वाचवायला दुसरा उतरतो तेव्हा दोघंही जातात. पंपाने उपसा, झाकण दिवसभर उघडं ठेवा, उतरणं जाणकारांवर सोडा.

वायरिंग नव्याने करताना तळमजल्याचे सॉकेट चार-पाच फुटांवर घ्या, वायर छताकडून खाली आणा आणि तळमजल्याचा एमसीबी वेगळा ठेवा. पुढच्या वेळी फक्त खालचा मजला बंद करून वरचा चालू ठेवता येतो. खर्चाच्या मानाने ही सगळ्यात मोलाची सुधारणा आहे.

भिंतीला भेग पडली. घाबरायचं कधी?

गिलाव्यातल्या केसासारख्या, जाळीदार भेगा गिलावा लवकर वाळल्याच्या. पुट्टीने मिटतात. काँक्रीटचा कॉलम आणि विटांची भिंत मिळते तिथली सरळ उभी भेग दोन वस्तूंच्या वेगवेगळ्या प्रसरणाची. तिथे दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच गिलावा काढून कोंबडी जाळी खिळ्यांनी ठोका आणि परत गिलावा करा. जाळी नसेल तर भेग परत येणारच.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी, खाली अरुंद आणि वर रुंद होणारी, दोन्ही बाजूंनी दिसणारी भेग पायाची आहे. काळ्या जमिनीवर ती उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते. भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन टोकांना सिमेंटने चिकटवून तारीख लिहा. काच तडकली तर हालचाल चालू आहे, इंजिनिअर बोलवा. तोवर तुमच्या हातात एक गोष्ट आहे: पायाजवळची ओल वर्षभर सारखी ठेवणं. भिंतीलगत पाणी मुरू देऊ नका, वाफे हलवा, गळका पाइप दुरुस्त करा आणि वड, पिंपळ, उंबर घराजवळ वाढू देऊ नका.

अंगणात पेव्हर ब्लॉक स्वतः बसवले, वर्षात खाली-वर झाले. काय चुकलं?

खालचा थर. ब्लॉक मातीवर आणि वाळूवर टाकले की ते असंच होतं. सातारा बाजूच्या मुरमाड जमिनीत आठ-नऊ इंच खणणं पुरतं. काळ्या जमिनीत दीड फूट काळी माती काढून मुरूम भरा. मुरूम तीन-तीन इंचांच्या थरात, पाणी शिंपडून धुमसाने ठोका. एकदम नऊ इंच टाकून वरून ठोकला तर खालचा भुसभुशीतच राहतो. वर दीड इंच क्रश सँड फळीने सारखी करा. ती ठोकायची नाही आणि तिच्यावर चालायचंही नाही. चारी कडांना काँक्रीटची पट्टी हवीच, नाहीतर ब्लॉक बाहेर सरकत जातात.

माणसं आणि दुचाकीसाठी ६० मिलिमीटरचा ब्लॉक, चारचाकीसाठी ८० चा. उतार घरापासून दूर, पाच फुटांना एक इंच. शंभर चौरस फुटांना दीड इंच थराची क्रश सँड साडेबारा घनफूट, म्हणजे ब्रासचा (१०० घनफुटांचा) आठवा भाग. सहा इंच ठोकलेल्या मुरमाला सैल माल सुमारे ६५ घनफूट लागतो. शेवटी सांध्यांत बारीक कोरडी वाळू झाडूने भरा आणि पहिल्या पावसानंतर परत भरा.

गच्चीचं पाणी शोषखड्ड्यात सोडू का?

जमीन पिते का ते आधी बघा. खड्ड्याच्या तळाला एक फुटाचं छोटं भोक पाडून पाण्याने भरा. तासाभरात पाणी हललंच नाही तर ती काळी, चिकण जमीन आहे. तिथे शोषखड्डा भरून उलटा घराच्या पायाकडे झिरपतो. कृष्णाकाठी पाणी टाकीत घ्या किंवा गटारात नेऊन सोडा.

मुरमाड जमिनीत चार बाय चार बाय चार फुटांचा खड्डा, तळाला मोठे दगड, मग खडी, वर जाड वाळू. पायापासून दहा फूट आणि सांडपाण्याचा असेल तर विहीर-बोअरपासून किमान पन्नास फूट लांब. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी देतो. शंभर चौरस मीटर गच्चीवर वर्षात ५०० मिलिमीटर पडला आणि वीस टक्के वाया गेला तरी ४०,००० लिटर हाती येतात. माण-आटपाडीकडे ही टाकी बांधण्यासारखी आहे. पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी बाहेर सोडायला पाइपला वेगळा कॉक ठेवा.

नळ टपकतो, प्लंबर येत नाही.

अँगल कॉक किंवा वरचा मेन कॉक बंद करा. जुना फिरकीचा नळ असेल तर मान उघडून स्पिंडलच्या टोकाचा रबरी वॉशर बदला. वॉशर बसतो ती पितळी बैठक बोटाने चाचपा. खाच लागली तर नवा वॉशरही टिकणार नाही, नळच बदला. पाव वळणाच्या नळात वॉशर नसतो, आतलं सिरॅमिक कार्ट्रिज पूर्ण बदलतात. जुनं नेऊनच आणा, दातांची संख्या कंपनीगणिक वेगळी असते. टेफ्लॉन टेप आटे समोर धरून घड्याळाच्या दिशेने आठ-दहा फेरे, उलटी गुंडाळली तर घट्ट करताना उलगडते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने अडकलेली जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा.

पावसात दार फुगून लागत नाही. रंधा मारू?

जुलैत नका मारू, एप्रिलमध्ये फट पडेल. आधी बिजागरीचे स्क्रू आवळा, दार बहुतेक वेळा त्यानेच उतरलेलं असतं. उन्हाळ्यात दार काढून त्याच्या खालच्या आणि वरच्या कडा बघा. तिथे सुताराने रंग लावलेला नसतो आणि ओल तिथूनच चढते. दोन हात प्रायमर आणि दोन हात ऑइल पेंट द्या.

भिंतीत ड्रिल करताना प्लग फिरतो, स्क्रू घट्ट होत नाही.

भोक मोठं झालंय किंवा फक्त गिलाव्यात आहे. प्लगच्या मापाचाच बिट घ्या, ८ च्या प्लगला ८ चा, आणि विटेत किमान दीड इंच जा. विटेत हॅमर बंद ठेवून सुरुवात करा. धूळ फुंकून काढल्याशिवाय प्लग ठोकू नका. हलक्या सिमेंट ब्लॉकच्या भिंतीला साधा प्लग धरत नाही, त्याचा वेगळा मिळतो. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायर तिथूनच जाते.

विजेचं कोणतं काम स्वतः करावं?

मेन बंद करून बल्ब होल्डर, पंख्याचा कपॅसिटर किंवा एखादा स्विच बदलणं. त्यापुढचं परवानाधारक वायरमनकडे. एक काम मात्र प्रत्येक घराने करावं: बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. दाबल्यावर ट्रिप झाला नाही तर तो त्याच दिवशी बदला.

सिमेंट-वाळू किती आणू, आणि चांगली कशी ओळखू?

शंभर चौरस फूट, १२ मिलिमीटर जाड, १:४ गिलाव्याला एक पोतं धरा. १:६ ला पाऊण. पोत्यावरची तारीख तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर घेऊ नका. हात घातल्यावर गार लागायला हवं आणि चिमटीत खडे लागता कामा नयेत. पोती फळीवर, भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. मसाला तासाभरात संपेल तेवढाच कालवा. घट्ट झाल्यावर पाणी घालून परत मळलेला मसाला वाळल्यावर हाताने चुरगळतो.

वाळूसाठी पारदर्शक बाटली घ्या. निम्मी वाळू, वर पाणी, चमचाभर मीठ. खळखळून हलवा आणि तीन तास ठेवा. वाळूवर मातीचा वेगळा थर बसतो, तो पट्टीने मोजा. वाळूच्या थराच्या आठ टक्क्यांपेक्षा जास्त भरला तर ट्रॅक्टर परत पाठवा किंवा वाळू धुवून घ्या. ही चाचणी माल खाली करण्याआधी करायची.